बिघाड क्रमांक ५४

अमेरिकेत टेक्सास राज्यात टायलर नावाचं शहर आहे. तिथल्या ईस्ट टेक्सास कॅन्सर सेंटरमध्ये २१ मार्च १९८६ रोजी एक रुग्ण किरणोपचाराच्या नवव्या बैठकीसाठी आला. पाठीवरची गाठ शस्त्रक्रियेने काढून झाली होती. आता त्या जागी इलेक्ट्रॉनच्या झोताने १८० रॅडचा शेक द्यायचा होता. यंत्र चालवणारी तंत्रज्ञ मुरलेली होती, कीबोर्डवर तिची बोटं न बघता चालत. बहुतेक रुग्णांना क्ष-किरणच द्यायचे असल्यामुळे त्या दिवशीही सवयीने 'ई'च्या जागी 'एक्स' दाबला गेला. चूक लगेच तिच्या लक्षात आली. बाण दाखवणाऱ्या कळीने ती वरच्या ओळीवर गेली, अक्षर बदललं, बाकीच्या ओळींवरून भराभर खाली आली. सगळं जुळल्याचं पडद्यावर दिसलं आणि तिने झोत सुरू करण्याची कळ दाबली.

यंत्र लगेच थांबलं. पडद्यावर 'मालफंक्शन ५४' उमटलं. दिलेली मात्रा ठरलेल्या मात्रेपेक्षा फारच कमी असल्याचंही यंत्र सांगत होतं: यंत्राच्या स्वतःच्या मापात २०२ एककांऐवजी जेमतेम ६. ५४ क्रमांकाच्या बिघाडाचा अर्थ सोबतच्या कागदपत्रांत 'डोस इनपुट २' एवढाच होता. म्हणजे नेमकं काय, हे रुग्णालयात कुणाला कळण्यासारखं नव्हतं. शिवाय थेरॅक-२५ नावाचं हे यंत्र उठसूट काहीतरी बिघाड दाखवून थांबायचं आणि 'पी' ही कळ दाबली की पुन्हा निमूट चालू व्हायचं. तिने 'पी' दाबलं.

जाड भिंतीपलीकडच्या खोलीत रुग्णाला पाठीवर कुणीतरी गरम कॉफी ओतल्यासारखं वाटलं, विजेचा झटका बसल्यासारखंही. आठ बैठका झालेल्या असल्यामुळे हे नेहमीचं नाही एवढं त्याला कळत होतं. तो उठायला गेला आणि दुसरा झटका दंडावर बसला. खोलीतला कॅमेरा त्या दिवशी जोडलेला नव्हता, बोलण्याचं यंत्रही बंद होतं. रुग्ण दरवाजावर धडका देऊ लागला तेव्हा बाहेर कळलं. पुढे केलेल्या मोजमापांवरून अंदाज बांधला गेला तो असा, की १८० रॅडच्या जागी साधारण १६,५०० ते २५,००० रॅड एवढा मारा क्षणभरात एका छोट्याशा जागेवर झाला होता. पाच महिन्यांनी तो माणूस गेला.

यंत्र बनवणारी कंपनी कॅनडाची, तीही सरकारी: ॲटॉमिक एनर्जी ऑफ कॅनडा लिमिटेड. तिचे अभियंते आले, दिवसभर तपासलं आणि जादा मात्रा जाणं शक्यच नाही असा निर्वाळा देऊन गेले. विजेचा झटका बसला असेल, असं सुचवण्यात आलं. रुग्णालयाने बाहेरच्या तज्ज्ञांकडून विजेची जोडणीही तपासून घेतली. तिच्यात दोष नव्हता. ७ एप्रिलला यंत्र पुन्हा सुरू झालं. ११ एप्रिलला तीच तंत्रज्ञ, तशीच दुरुस्ती, तोच ५४ क्रमांक. या वेळी बोलण्याचं यंत्र चालू होतं, त्यामुळे आतून आलेला मोठा आवाज आणि कण्हणं बाहेर ऐकू आलं. हा रुग्ण तीन आठवड्यांत, १ मे रोजी दगावला.

इथून पुढे जे घडलं ते रुग्णालयातल्या संगणकांच्या सुरक्षेच्या इतिहासात पहिल्या पानावर असायला हवं. रुग्णालयाचे भौतिकशास्त्रज्ञ फ्रिट्झ हेगर यांनी यंत्र ताबडतोब बंद करायला लावलं आणि कंपनीची वाट न बघता त्या तंत्रज्ञाला बरोबर घेऊन ते रिकाम्या यंत्रासमोर बसले. त्या दिवशी काय काय केलं ते तिने आठवून सांगायचं, करून दाखवायचं. पुन्हा पुन्हा. बऱ्याच खटपटीनंतर पडद्यावर ५४ आला आणि गुपित उघडलं: ते वेगात होतं. 'एक्स'चा 'ई' करण्याचं काम तिने तिच्या नेहमीच्या झपाट्याने केलं तरच बिघाड व्हायचा. यंत्रातले चुंबक आपल्या जागी बसायला सुमारे आठ सेकंद घेत. तेवढ्या वेळात केलेली दुरुस्ती पडद्यावर दिसे, पण आतल्या आज्ञावलीच्या एका भागापर्यंत पोहोचतच नसे. मग क्ष-किरणांसाठी लागणारा प्रचंड ताकदीचा झोत, मधला अडसर बाजूला सरकलेला असताना, थेट माणसावर. दुसऱ्या दिवशी कंपनीच्या अभियंत्यानेही प्रयत्न केला. त्याला जमेना. हळू टाइप करून चालत नाही, हे हेगरांनी सांगितल्यावर जमलं. नवशिक्याच्या हातात निर्धोक आणि तरबेज माणसाच्या हातात जीवघेणं, असं ते यंत्र होतं.

कंपनीने १५ एप्रिलला ग्राहकांना पत्राने तातडीचा उपाय कळवला: वर जाणाऱ्या बाणाच्या कळीची टोपी काढून टाका आणि खालच्या जोडणीवर चिकटपट्टी लावा. कोट्यवधी इलेक्ट्रॉन-व्होल्टचं त्वरक यंत्र, आणि त्याच्या सुरक्षेचा भार चिकटपट्टीवर. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २ मे रोजी यंत्र सदोष ठरवलं. धोका किती मोठा आहे हे पत्रात धड सांगितलेलंच नाही, अशी कानउघाडणीही केली.

टायलर ही सुरुवात नव्हती. जून १९८५ मध्ये जॉर्जिया राज्यातल्या मॅरिएटा इथे एका बाईंनी टेबलावरूनच सांगितलं होतं, 'तुम्ही मला भाजलंत.' ते शक्य नाही, असं उत्तर त्यांना मिळालं. जुलैत कॅनडात हॅमिल्टनला तंत्रज्ञाने 'पी' कळ एकामागून एक दाबली, कारण मात्रा गेलीच नाही असं पडदा सांगत होता. तिथे कंपनीने एका छोट्या स्विचवर संशय घेतला, तो बदलला आणि यंत्र आता पाच दशमान पायऱ्यांनी, म्हणजे लाख पटींनी, सुरक्षित झाल्याचं जाहीर केलं. स्विचमुळेच अपघात झाला हे त्यांना स्वतःलाही सिद्ध करता आलेलं नव्हतं. तरी लाख पटींचा आकडा निघाला! डिसेंबरात वॉशिंग्टन राज्यातल्या याकिमा इथल्या एका रुग्णाच्या त्वचेवर समांतर लाल पट्टे उठले. रुग्णालयाने विचारलं, तर कंपनीने कळवलं की यंत्राने असं होणं शक्य नाही आणि असे प्रकार दुसरीकडे कुठे घडल्याचंही ऐकिवात नाही. तोपर्यंत दोन अपघात होऊन गेले होते.

अशा ठाम विश्वासाचं मूळ मार्च १९८३ मधल्या सुरक्षा-विश्लेषणात आहे. कंपनीने अपघाताच्या सगळ्या वाटा शोधणारा आराखडा कागदावर मांडला होता आणि त्यातून आज्ञावली चक्क वगळली होती. तर्क असा की तिची कसून चाचणी झाली आहे, आणि यंत्राचे भाग झिजतात तशी आज्ञावली झिजत नाही. संगणक चुकीची ऊर्जा निवडण्याची शक्यता शंभर अब्जांत एक. चुकीचा झोत निवडण्याची अब्जात चार. हे आकडे कुठून आले याचं समर्थन कागदपत्रांत नव्हतं. आज्ञावलीचं बरंचसं काम एकट्या माणसाने काही वर्षांत केलेलं होतं आणि आधीच्या थेरॅक-६ व थेरॅक-२० या यंत्रांतले तुकडे त्यात आलेले होते.

थेरॅक-२०ची गोष्ट तर आणखी बोलकी आहे. शिकागो विद्यापीठातले भौतिकशास्त्रज्ञ फ्रँक बोर्गर यांच्या लक्षात आलं होतं की विद्यार्थ्यांची नवी तुकडी आली की थेरॅक-२०चे फ्यूज उडू लागतात आणि काही आठवड्यांनी आपोआप थांबतात. नवी मुलं वाटेल तशा कळा दाबत. थेरॅक-२५चा दोष कळल्यावर त्यांनी तपासून पाहिलं, तर तीच चूक इथेही होती. फरक एवढाच, की जुन्या यंत्रात चुकीचा झोत अडवणारे स्वतंत्र विद्युत अडथळे होते; ते फ्यूज उडवून माणूस वाचवत. नव्या यंत्रात संगणक आहे म्हणून हे अडथळे काढून टाकले होते. आणि जुन्या यंत्रात वर्षानुवर्षं कुणी दगावलं नाही, याचा अर्थ आज्ञावली निर्दोष आहे असा लावला गेला.

तक्रार नाही म्हणजे धोका नाही, हे समीकरण इथे फोल ठरलं. पण ते मरायला तयार नव्हतं. जानेवारी १९८७ मध्ये याकिमालाच पुन्हा अपघात झाला, या वेळी वेगळ्याच चुकीमुळे: आज्ञावलीतला एक गणक दर २५६व्या फेरीला शून्यावर यायचा आणि नेमक्या त्या क्षणी कळ दाबली गेली तर तपासणीच टळायची. फेब्रुवारीत अमेरिका आणि कॅनडा दोन्हीकडच्या नियामकांनी यंत्र नेहमीच्या वापरातून काढायला सांगितलं. एकूण सहा अपघात झाले. वापरात असलेली यंत्रं होती फक्त अकरा.

नॅन्सी लेव्हसन आणि क्लार्क टर्नर यांनी १९९३ मध्ये या सगळ्याची कागदपत्रं खोदून सविस्तर लेख लिहिला. आजही संगणकशास्त्राच्या वर्गात तो वाचायला देतात. त्यांचा रोख एका चुकीच्या ओळीवर नव्हता. एक चूक सापडली की ती बुजवायची आणि यंत्र सुरक्षित झालं म्हणायचं, या पद्धतीवर त्यांनी बोट ठेवलं. नियमांतलं छिद्रही मोठं होतं. आधी विकल्या गेलेल्या यंत्रासारखंच हे आहे, एवढ्या आधारावर थेरॅक-२५ बाजारात येऊ शकलं होतं. रुग्णालयाने अपघात सरकारला कळवलाच पाहिजे, असा अमेरिकेत कायदा नव्हता. तो १९९० साली आला.

पनामाच्या राजधानीतल्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेत २००० ते २००१ या काळात, दोष आज्ञावलीचा की ती वापरण्याच्या पद्धतीचा, हा प्रश्न उलट्या बाजूने समोर आला. तिथे किरणांची मात्रा मोजून देणाऱ्या आज्ञावलीत किरण अडवणाऱ्या चारच संरक्षक ठोकळ्यांची माहिती भरता येई. डॉक्टरांना पाचवा हवा होता. तेव्हा सगळे ठोकळे एकच सलग आकृती आहेत असं भरण्याची युक्ती निघाली. आज्ञावलीने ती मुकाट्याने स्वीकारली, नीटनेटकं चित्रही दाखवलं, आणि काही वेळा उपचाराचा काळ जवळजवळ दुप्पट काढून दिला. २८ रुग्णांना जादा मारा बसला. मे २००१ मध्ये आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचं पथक तिथे गेलं तोवर त्यांतले आठ जण गेले होते. पाचांचा मृत्यू बहुधा किरणांमुळेच झाला, असं पथकाने लिहिलं. वापरणाऱ्यांनी हाताने हिशेब पडताळायला हवा होता, असं कंपनीचं म्हणणं पडलं. पुढे तुरुंगवासाची शिक्षा झाली ती रुग्णालयातल्या भौतिकशास्त्रज्ञांना. पडताळणी व्हायला हवी होती हे खरंच. पण जे भरू नये ते भरल्यावर निदान हरकत घ्यायची, एवढं काम आज्ञावलीकडे मागणं गैर कसं?

किरणांची यंत्रं निदान यंत्रं तरी होती, त्यांना नियामक होता. रुग्णालयात पुढे जो संगणक शिरला तो टेबलावरचा साधा पडदा होता: औषधं लिहिण्याचा. त्याच्याकडे कुणी संशयाने पाहण्याचं कारणच नव्हतं, कारण तो चुका टाळण्यासाठीच आणला होता. अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने १९९९ मध्ये अंदाज मांडला होता की तिथल्या रुग्णालयांत टाळता येण्याजोग्या चुकांनी वर्षाला ४४,००० ते ९८,००० माणसं दगावतात. डॉक्टरांचं किरटं अक्षर हा त्यातला बदनाम आरोपी. संगणकावर लिहा म्हणजे प्रश्न मिटला, असं वाटणं साहजिक होतं.

पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या रुग्णालयात रॉस कॉपेल हे समाजशास्त्रज्ञ निवासी डॉक्टरांवरच्या ताणाचा अभ्यास करत होते. ताणाचं एक मोठं कारण म्हणून औषधं लिहिण्याची संगणक-प्रणाली पुढे आली. २००५ मध्ये त्यांच्या गटाने त्या प्रणालीमुळे घडू शकणाऱ्या २२ प्रकारच्या औषध-चुका छापून काढल्या. एका रुग्णाची सगळी औषधं पाहायला कधीकधी वीसेक पडदे उलगडावे लागत. औषधभांडारात गोळी ज्या मात्रेची शिल्लक आहे तो आकडा पडद्यावर दिसे आणि नवशिके डॉक्टर तीच योग्य मात्रा समजून लिहीत. किरट्या अक्षराची चूक गेली. तिच्या जागी नव्या, सुबक टंकातल्या चुका आल्या.

त्याच वर्षी डिसेंबरात आलेला पिट्सबर्गच्या बालरुग्णालयाचा अभ्यास अधिक हादरवणारा होता. ऑक्टोबर २००२ मध्ये त्या रुग्णालयाने सहा दिवसांत सगळीकडे नवी प्रणाली बसवली. दुसऱ्या रुग्णालयांतून हलवून आणलेल्या १,९४२ मुलांच्या नोंदी पाहिल्या, तर मृत्यूचं प्रमाण आधीच्या २.८० टक्क्यांवरून ६.५७ टक्क्यांवर गेलेलं. कारणं ऐकली की ती किती साधी वाटतात! पूर्वी रुग्णवाहिका वाटेत असतानाच डॉक्टर औषधं लिहून तयार ठेवत. आता मूल प्रत्यक्ष दाखल होऊन नोंद होईपर्यंत प्रणाली काही लिहूच देईना. अतिदक्षता विभागाजवळची औषधं उचलून मध्यवर्ती औषधशाळेत नेलेली. ज्या मिनिटांत डॉक्टर आणि परिचारिका खाटेपाशी असायच्या, त्या मिनिटांत कुणीतरी पडद्यासमोर अडकलेलं.

मग ही प्रणाली घातक होती का? सिएटलच्या बालरुग्णालयाने त्याच कंपनीची प्रणाली घेतली होती. पिट्सबर्गचा अनुभव तिथे ठाऊक होता. त्यांनी अतिदक्षता विभागात नेहमी लागणाऱ्या औषधांचे संच आधीच तयार करून ठेवले. २००६ मध्ये आलेल्या त्यांच्या अभ्यासात मृत्यू वाढल्याचं दिसलं नाही. आज्ञावली तीच, परिणाम निराळा. कारखान्यात बसून, खोके उघडण्याआधी तिच्या सुरक्षेचा दाखला देता येत नाही, याचा एवढा स्वच्छ पुरावा दुसरा शोधून सापडायचा नाही.

तेव्हा मोजायचं कसं? हेगरांची युक्ती इथे कामाला आली, अर्थात त्यांचं नाव न घेता. लीपफ्रॉग हा अमेरिकेतल्या मोठ्या मालक-कंपन्यांचा गट. कामगारांच्या विम्याचे पैसे तेच भरतात, त्यामुळे रुग्णालयं कशी आहेत याची त्यांना चिंता. त्यांनी डेव्हिड क्लासन, डेव्हिड बेट्स या डॉक्टरांच्या मदतीने एक परीक्षा तयार करून घेतली. रुग्णालयाच्या चालू प्रणालीत खोटे रुग्ण भरायचे: अमुक वय, अमुक वजन, अमुक ॲलर्जी. मग त्यांच्यासाठी मुद्दाम घातक औषधं लिहायची आणि पडदा हरकत घेतो का ते पाहायचं. वेळ ठरलेला, निकाल लगेच. ६२ रुग्णालयांचा निकाल २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. जी औषधं खऱ्या रुग्णाचा जीव घेतील, त्यांतली ५३ टक्के पकडली गेली. उरलेली, जवळजवळ निम्मी, विनातक्रार पुढे गेली.

हरकत घ्यायला लावली म्हणजे काम झालं, असंही नाही. सॅन फ्रान्सिस्कोच्या विद्यापीठ रुग्णालयात २०१३ साली एका सोळा वर्षांच्या मुलाला नेहमीच्या एका प्रतिजैविकाची एक गोळी द्यायची होती. प्रणालीने मात्रा 'दर किलोला' धरली आणि एका गोळीच्या साडेअडतीस झाल्या. पडद्याने डॉक्टरला सावध केलं, औषधतज्ज्ञालाही केलं. दोघांनी सूचना बाजूला सारली, कारण अशा सूचना दिवसभर येतच असत. त्या रुग्णालयाच्या प्रौढांच्या अतिदक्षता विभागांत एका महिन्यात यंत्रांनी पंचवीस लाखांहून जास्त इशारे नोंदवले होते. गोळ्या यंत्रमानवाने अचूक मोजून पुड्यांत भरल्या. परिचारिकेनेही यंत्रावर विश्वास ठेवला. मुलाला झटके आले, पण तो वाचला. तिथलेच डॉक्टर रॉबर्ट वॉख्टर यांनी सगळा प्रकार आपल्या पुस्तकात मांडला आणि रुग्णालयाने तो मांडू दिला. या दुसऱ्या गोष्टीचं कौतुक जास्त व्हायला हवं. अनेक कंपन्यांच्या करारांत तोवर अशी कलमं असत की प्रणालीचे दोष, अगदी पडद्याचं चित्रसुद्धा, बाहेर दाखवू नये. इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने २०११ च्या अहवालात या कलमांवर टीका केली. अमेरिकेत २०१६ च्या कायद्याने त्यांना चाप लावायला सुरुवात झाली.

लीपफ्रॉगची परीक्षा मात्र दरवर्षी चालू राहिली. २,३१४ रुग्णालयांचे २००९ ते २०१८ या काळातले गुण पाहिले तर सरासरी ५३.९ टक्क्यांवरून ६५.६ टक्क्यांवर आली. दहा वर्षं आणि संगणकीकरणासाठी सरकारने ओतलेले अब्जावधी डॉलर, एवढ्यानंतर. शाळकरी मुलाने असं प्रगतिपुस्तक आणलं असतं तर घरी फार कौतुक झालं नसतं.

इंग्लंडने वेगळी वाट धरली. तिथे दोन स्वतंत्र मानकं आहेत: एक आज्ञावली बनवणाऱ्यासाठी, दुसरं ती वापरणाऱ्या रुग्णालयासाठी. दोघांनीही धोक्यांची वही ठेवायची, आणि दोघांकडेही एक जबाबदार वैद्यकीय अधिकारी हवा, जो नोंदणीकृत डॉक्टर, परिचारिका किंवा तत्सम व्यावसायिक असेल. त्याची सही असल्याशिवाय प्रणाली रुग्णांपर्यंत न्यायची नाही. सिएटल आणि पिट्सबर्गमधला फरक नियमांत बसवायचा तर तो असाच बसतो. अर्थात वह्या भरण्याचं काम कारकुनी होऊन बसतं, ही तक्रार तिथेही आहेच.

भारतात किरणोपचाराच्या यंत्रांना १९८३ पासून धनी आहे: मुंबईत अणुशक्तीनगरला असलेलं अणुऊर्जा नियामक मंडळ. त्याच्या परवान्याशिवाय आणि किरण-सुरक्षा अधिकारी नेमल्याशिवाय खारघरचं टाटा स्मारकचं केंद्र असो की तालुक्याचं खासगी रुग्णालय, कुणालाही रुग्णावर झोत सोडता येत नाही. पडद्यावरच्या आज्ञावलीचं तसं नाही. इलेक्ट्रॉनिक आरोग्य नोंदींची राष्ट्रीय मानकं २०१३ मध्ये आली, २०१६ मध्ये सुधारली. निदान किंवा उपचारासाठी बनवलेली आज्ञावली एप्रिल २०२० पासून वैद्यकीय उपकरणांच्या व्याख्येत बसली. दिल्लीच्या एम्समध्ये २३ नोव्हेंबर २०२२ ला खंडणीखोरांनी संगणक कुलूपबंद केले, तेव्हा केसपेपर, तपासण्यांचे अहवाल, दाखल्यांच्या नोंदी असं सगळं काम जवळजवळ दोन आठवडे हाताने चाललं. त्यानंतर रुग्णालयांत सायबर सुरक्षेच्या तपासण्यांची चर्चा वाढली, आणि ती गरजेचीही होती. आयुष्मान भारत डिजिटल मोहिमेत सामील होणाऱ्या प्रणालीला जोडणीची चाचणी द्यावी लागते: रुग्णाचा 'आभा' हा आरोग्य-ओळख क्रमांक जोडला जातो का, नोंदी संमतीने इकडून तिकडे जातात का, आणि बाहेरून कुणी घुसू शकेल का. बाळाच्या औषधाच्या मात्रेत दशांशचिन्ह सुटलं तर पडदा अडवेल का, हे पाहणं त्या चाचणीत येत नाही. ते प्रणाली विकत घेणाऱ्या रुग्णालयावर सोडलेलं आहे.